आढळला नाही

ऑफिसात सगळे त्यांना मागून डबकेसाहेब म्हणत. एक तर प्रत्येक वाक्याआधी डबक्यातल्या बेडकासारखा घसा खाकरायचे, आणि दुसरं म्हणजे खोली म्हणाल तर तेवढीच.

आज ते डोंगरातल्या ओढ्यातल्या एका दुर्मिळ बेडकाच्या पाहणीचा अहवाल तोंडी सांगत होते आणि टायपिस्टबाई टाईप करत होत्या.

"लिहा. काठावर दोन दिवस ध्वनिमुद्रण केले. बेडकाचा आवाज आला नाही. सबब, ओढ्यात बेडूक आढळला नाही."

बाईंची बोटं थांबली. या 'आढळला नाही'वर अख्खा ओढा वीजप्रकल्पाच्या पाइपात जाणार होता, आणि बेडकाची ती जात उरली होती त्या एकाच ओढ्यात.

"साहेब, हा बेडूक ओरडत नाही. त्याला आवाजच नाही. जन्मभर पाण्याखाली, दगडाच्या फटीत बसून असतो. दगड उचलून बघावं लागतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मीच टाईप केलंय. तुमच्या आधीच्या तीन साहेबांचे अहवाल."

"शिक्षण किती तुमचं?"

"दहावी."

"मग?" साहेब खुर्चीतल्या खुर्चीत फुगले. "बेडूक म्हटला की डरांव आलंच. आणि त्या पाण्यात हात घातलाय कधी? नुसता बर्फ!"

म्हणजे हे होय! काठावर खुर्ची टाकून, मफलर गुंडाळून, बहिऱ्याने मुक्याची साक्ष काढली होती. बोटसुद्धा ओलं न करता. तो बेडूक बिचारा कातडीने श्वास घेतो. यांच्या कातडीतून लाजही आत शिरत नाही.

"सांगितलं तेवढं टाईप करा. अक्कल पाजळू नका."

"पाजळून इथे बघणार कोण," बाई पुटपुटल्या.

बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या मजकुरात ध चा मा केला नव्हता. साहेबांच्या व्याकरणाच्या चुकासुद्धा साहेबांच्याच म्हणून जाऊ दिल्या होत्या. त्यांनी मागे जाऊन एक शब्द खोडला, दुसरा बसवला आणि छापलेला कागद समोर ठेवला.

"एकदा वाचून घेता?"

"मीच सांगितलंय, मी काय वाचू?" साहेबांनी नावापुढच्या पदव्या तेवढ्या बोटाने तपासल्या. तिन्ही जागच्या जागी होत्या. घसा खाकरून त्यांनी झोकात सही ठोकली.

सहीच्या बरोबर वर निष्कर्ष होता: सबब, ओढ्यात बेडूक शोधला नाही.

बाईंनी शाई वाळू दिली, शिक्का मारला आणि शिपायाची वाट न बघता पाकीट स्वतःच जावकला देऊन आल्या.