मॉस्कोचा रस्सा पाहिलेला तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. वच्छलाबाईंनी आत्ताच मला चिंचेनं घासून, झाकण काढून अंगणात उन्हाला ठेवलंय. तेवढ्या वेळात तुम्हाला सांगून घेतो; समोरच्या माणसाला माझा आवाज ऐकू जात नाही, गोष्ट ऐकणाऱ्यालाच जातो. झाकण पुन्हा गळ्यावर फिरलं की माझं बोलणं संपलं.

जन्म माझा भंडाऱ्याचा. कासारानं ठोकून ठोकून मला पोट दिलं, गळ्याला आटे पाडले. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी वच्छलाबाईंच्या आंदणातून मोहगावला आलो. पोटावर कोरलंय, ‘सौ. वच्छला, मु. मोहगाव, तहसील सौसर, सी. पी. अँड बेरार’. शेवटचं ते आमच्या तेव्हाच्या प्रांताचं नाव. एवढं सगळं मावलं, म्हणजे पोट केवढं असेल ते तुम्हीच समजा.

भैय्याजी, म्हणजे वच्छलाबाईंचे मालक, संत्र्याच्या बागेचे धनी. गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी तर सोडाच, घराबाहेरचं पाणीसुद्धा माझ्याशिवाय दुसऱ्या भांड्यातून पीत नसत. सौसरच्या बाजाराला जा, पांढुर्ण्याच्या कचेरीत जा, मी बरोबर असायचोच. माणूस सरळ, थोडा जास्तच सरळ. जे वाटलं ते बोलून मोकळा.

आणि वच्छलाबाईंच्या हाताला चव होती. गावात लग्न निघालं की आधी त्यांना बोलावणं. वांग्याच्या भाजीच्या मोठ्या गंजापाशी त्या उभ्या राहत, तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन चाखत आणि मान हलवत. ती मान हलल्याशिवाय पंगत बसत नसे. त्यांच्याकडे दागिने बेताचेच होते, पण ही मान हलवण्याची ऐट मोठी होती.

छप्पन साल उजाडलं. जो तो राज्यांच्या वाटणीबद्दल बोलत होता. आपण नागपूरबरोबर राहणार की भोपाळकडे जाणार? ओट्यावर बसून लोक भांडायचे आणि शेवटी भैय्याजी म्हणायचे, “अरे, आपल्याले कोणी इचारून राहिलं का?” मग जो तो उठून आपापल्या घरी जायचा.

त्याच दिवसांत संत्रा बागायतदारांचं एक मंडळ रशियाला निघालं आणि त्यात भैय्याजींचं नाव आलं. सोबत पुंडलिकराव होते, शेतकी खात्यातले साहेब. पांढुर्ण्याचेच, इंग्रजी बोलणारे. पांढुर्णा स्टेशनवर गाडी हलली तेव्हा वच्छलाबाई खिडकीशी आल्या.

“माळ सांभाळा,” त्या म्हणाल्या. “अन् उपाशी राहू नका.”

दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. तिकडं एक पाळायची तर दुसरी मोडावी लागेल, हे त्या बिचारीला कसं ठाऊक असणार?

मॉस्कोला आमचे हाल झाले. म्हणजे माझे नाही, भैय्याजींचे. जिथं तिथं ताटात मांस. ते आपले पाव खायचे, उकडलेला बटाटा खायचे आणि वरून माझं पाणी प्यायचे. चिवडा केव्हाच संपला होता. कोट अंगावर लोंबायला लागला. पुंडलिकराव काळजीनं म्हणायचे, “भैय्याजी, असं कसं चालेल?” भैय्याजी हसून आणखी एक बटाटा सोलायचे.

परतायचं जवळ आलं तेव्हा यजमानांनी सगळ्यांना एका जुन्या धाटणीच्या रशियन हॉटेलात जेवायला नेलं. लाकडाच्या कोरीव भिंती, भरतकामाचे लाल-पांढरे पंचे, कोपऱ्यात वाफाळणारा चहाचा बंब. बंब पितळेचा, मी त्याच्याकडे आपलेपणानं पाहत होतो. डोक्याला रुमाल बांधलेली एक थोराड बाई मोठा पाव आणि त्यावर मिठाची वाटी घेऊन सामोरी आली. पाहुण्याचं स्वागत तिकडं असं करतात. भैय्याजींनी पावाला हात लावून नमस्कार केला. बाईला ते फार आवडलं.

पुंडलिकरावांनी दुभाष्याला सांगितलं, हे गृहस्थ मांस खात नाहीत. दुभाष्यानं बाईला सांगितलं. तिनं छातीवर हात ठेवून मान हलवली, भैय्याजींच्या खप्पड गालांकडे पाहून चुकचुकली आणि पाणी भरायला मला उचलून आत नेलं.

आत जे पाहिलं, ते मी कधी विसरलो नाही.

चुलीवर बिटाचा लालभडक रस्सा उकळत होता आणि त्यात मोठं हाड. बाई आचाऱ्याला काहीतरी बोलली. त्यानं थोडा विचार केला, मग एका वाडग्यात रस्सा घेतला आणि चमच्यानं मांसाचा एकेक तुकडा वेचून बाहेर काढला. वाडगं खिडकीच्या उजेडात धरलं. एक तंतू दिसला, तोही काढला. वर दह्यासारखी घट्ट साय घातली आणि समाधानानं हात पुसले. दोघांच्या मनात काडीइतकं कपट नव्हतं. मांस काढलं की झालं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मी तिथंच होतो, गळ्यापर्यंत भरलेला. ओरडता येत नाही. कलंडावं म्हटलं तर कोणी धक्का दिल्याशिवाय तेही येत नाही. बाईनं झाकण फिरवलं, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात ते वाडगं घेऊन ती बाहेर आली.

भैय्याजींनी माझ्यातलं पाणी तळहातावर घेतलं, वाडग्याभोवती फिरवलं, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. माझ्याच पाण्यानं! मग पहिला चमचा तोंडात गेला.

“बाप्पा!” ते म्हणाले. “साहेब, काय रस्सा हाय हा! तिखटाचं नाव नाही, तरी कसा लागून राहिला!”

पुंडलिकरावांपुढंही रस्सा आला होता, त्यांनीही चमचा तोंडाला लावला होता. ते मांस खाणारे. हाडाच्या रश्श्याची चव त्यांना पहिल्या घोटातच कळली. त्यांनी चमचा खाली ठेवला. भैय्याजींच्या वाडग्याकडे पाहिलं, रस्सा तोच, वर तरंगणारी चरबीही तीच; मग गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

“किती दिसानं पोटात काही गेल्यावानी वाटून राहिलं, साहेब,” भैय्याजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

पुंडलिकरावांनी तोंड मिटलं. भैय्याजींनी खुणेनं पुन्हा वाढायला सांगितलं, तेव्हा ती बाई आनंदानं धावतच आत गेली. मी पुंडलिकरावांना दोष देत नाही. मला तोंड असतं तर मी तरी काय केलं असतं?

आम्ही तिकडं असतानाच राज्यांच्या वाटणीचा दिवस, एक नोव्हेंबर, होऊन गेला. पांढुर्ण्याला उतरलो तर कळलं, नागपूर आता मुंबई राज्यात आणि आपण भोपाळच्या राज्यात. भैय्याजी हसून म्हणाले, “गेलो एका राज्यातून, आलो दुसऱ्यात. अन् बाग तं जिथल्या तिथंच हाय.” माझ्या पोटावरचं सी. पी. अँड बेरारही जिथल्या तिथंच होतं.

त्यांनी खिशातून बिटाचं बी आणलं होतं. बागेच्या कडेला वाफा केला. बीट आलं तसा रोज एकच धोशा, “वच्छला, तो रस्सा कर. तुह्या हाताले नक्की जमते.”

वच्छलाबाईंनी केला. भैय्याजींनी चाखला. “चांगला हाय,” ते म्हणाले, “पण तो नाही.”

वच्छलाबाईंनी टमाटे घालून पाहिले, चिंच घालून पाहिली, तुपाची फोडणी दिली, साय घोटून घातली. दर वेळी तेच. “चांगला हाय. पण तो नाही.” सरळ माणूस, खोटं बोलता येत नव्हतं. मला वाटायचं, एकदा तरी बोला हो खोटं!

त्या वर्षी कोणाच्या तरी लग्नात वच्छलाबाई गंजापाशी उभ्या राहिल्या. तळहातावर थेंब घेतला, चाखला, पण मान हललीच नाही. “दुसऱ्या कोणाले तरी चाखवा बाई,” त्या म्हणाल्या. “माह्या जिभेचं आता खरं नाही.” पुढं बोलावणी आली तरी त्या जाईनाशा झाल्या.

खरं सांगावं तर भैय्याजींची माळ तुटते. न सांगावं तर या बाईच्या हाताची चव जाते. आणि हे ठाऊक असणारे इकडं दोघंच. एकजण साहेब, दुसरा मी.

मग साहेबांचीही वाटणी झाली. पुंडलिकरावांना सरकारनं मुंबई राज्याकडे दिलं. जाण्याआधी ते मोहगावला जेवायला आले. वच्छलाबाईंनी तो लाल रस्सा केला होता. पानाजवळ बसून त्यांनी पदर सावरला.

“भाऊजी, तुम्ही तं होते तिथं. खरं सांगा, याच्यात काय कमी हाय?”

पुंडलिकरावांनी हातातला घास पानात ठेवला. भैय्याजी समोर कौतुकानं वाट पाहत बसलेले, छातीवर माळ. मी दोघांच्या मध्ये, पाण्यानं भरलेला.

“काही कमी नाही, वहिनी,” ते म्हणाले. “पाण्याचा फरक. तिथलं पाणीच वेगळं.”

बाहेर पडताना त्यांनी वच्छलाबाईंच्या पायांना हात लावला. साहेब माणूस असं का करतो, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं.

तेव्हापासून मी फळीवरून चुलीपाशी आलो. हा तांब्या तिथलं पाणी भरून आलाय, असं वच्छलाबाईंच्या मनानं घेतलंय. रश्श्याचं पाणी रात्रभर माझ्यात ठेवतात, सकाळी त्याच पाण्यात बीट शिजवतात आणि दाराआडून भैय्याजींच्या तोंडाकडे पाहत राहतात.

आज घासताना मला म्हणाल्या, “तूच तं होता रे तिथं. काय होतं त्याच्यात? सांग ना.” माझ्या पोटावर त्यांचंच नाव, आणि त्यांनाच मला उत्तर देता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. कधी मोहगावला आलात, या घरी पंगतीला बसलात आणि पानात लाल रस्सा पडला, तर त्या हाडाचं काही बोलू नका. बोटं चाटा आणि म्हणा, वहिनी, पुन्हा वाढा. दोनदा म्हणा. त्या बाईला पुन्हा मान हलवू द्या.

त्या येताहेत. झाकण त्यांच्या हातात आहे.