पानीमा चांद

लेकीचं, प्रमिलाचं लग्न माघात ठरलं आणि वत्सलाबाईला आईच्या गाण्याची ओढ लागली. तिची आई जसोदाबाई प्रकाशा गावात कुणाचीही लेक सासरी निघाली की एक गाणं म्हणायची. वत्सलाच्या पाठवणीलाही तिनंच म्हटलं होतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. वत्सलाबाईनं माहेरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारून पाहिलं, पण कुणालाच आठवेना. तिच्या स्वतःच्या जिभेवरही दोनच शब्द उरले होते.

शहाद्याचे प्रेमचंद गुरुजी बायकांची गाणी उतरवून घेतात, असं तिच्या कानावर आलं. नवऱ्याला गाडी जुंपायला लावून ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मन्ही माय म्हने ते गानं, गुरुजी. दोनच शब्द याद शेतस. पानीमा चांद."

"दोन शब्द पुष्कळ झाले," गुरुजी म्हणाले, आणि उठले.

भिंतीशी चहाचे रिकामे डबे मांडलेले होते. एकेका अक्षराचा एकेक डबा, आत शब्दाशब्दाच्या चिठ्ठ्या. 'पानीमा', म्हणजे पाण्यात, आणि 'चांद' अशा दोन चिठ्ठ्या त्यांनी काढल्या. दोन्ही आकड्यांनी गच्च भरलेल्या. तापीकाठच्या बायका त्या! पाण्यावाचून त्यांचं गाणं सुरू होत नाही आणि चांदावाचून संपत नाही. दोन्ही शब्द असलेली गाणीच इतकी निघाली की वत्सलाबाईचा धीर सुटला.

"इतली गानी वाचता वाचता पोरनं लगीन व्हई जाई!"

गुरुजी हसले. "पूर्वी मी चिठ्ठीवर नुसता गाण्याचा नंबर लिहायचो. मग एका ओळीसाठी सगळ्या वह्या उपसाव्या लागायच्या. त्यात एकदा अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. तेव्हापासून शब्द त्या गाण्यात कितवा येतो, तेही लिहितो. तुला हे दोन शब्द शेजारी हवेत ना? मग एकाच गाण्यात चांदाचा आकडा पानीमाच्या लगेच पुढचा असला पाहिजे."

वत्सलाबाई चौथी शिकलेली. चांदाची चिठ्ठी तिनं धरली, पानीमाची गुरुजींनी. एका गाण्यात पानीमा तिसरा आणि चांद विसावा निघाला. ते सोडलं. दुसऱ्यात दोन्ही शेजारी होते, पण चांद आधी आणि पानीमा नंतर. तेही गेलं. असं करत करत गुरुजी म्हणाले, "पानीमा चौथा."

"चांद... पाचवा," ती म्हणाली, आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

गुरुजींनी वही उघडून वाचलं:

"तापी माय, तुन्हा पानीमा चांद न्हाये,
लेक चालनी सासरले, आंगन वाट पाहे."

वत्सलाबाईनं पदर डोळ्याला लावला. मग तिनं विचारलं, "आनि चाल, गुरुजी?"

गुरुजी ओशाळले. "चाल मला लिहिता येत नाही, बाई. पण सांगणारीचं नाव आहे. मोगराबाई, सारंगखेडा. तिच्याकडे जा."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. मोगराबाई ओट्यावर कापूस निवडत बसली होती. गाण्याचं नाव काढताच तिनं हातातलं बोंड खाली ठेवलं.

"तू जसोदानी पोर का? तिनीच शिकाडं मले. आम्ही संगे कापूस येचूत." आणि तिनं वत्सलाला जवळ ओढून गाणं सुरू केलं. आईचीच चाल. शेवटच्या शब्दावर रेंगाळायची लकबसुद्धा तीच.

लग्नात मोगराबाईला मानाची साडी नेसवली. पाठवणीच्या वेळी तिनं आवाज लावला, वत्सलाबाईनं साथ दिली आणि हळूहळू मांडवातल्या बाया त्यात मिळाल्या. गुरुजी खांबापाशी उभे राहून ऐकत होते. शब्द त्यांनीच उतरवले होते, पण इतक्या गळ्यांतून ते गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

वरात गेल्यावर वत्सलाबाई त्यांच्या पाया पडली. "गुरुजी, तुम्ही मन्ही माय धुंडी दिधी."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढं गावात कुणाचीही लेक सासरी निघाली की वत्सलाबाई आपणहून जायची. हात जोडून मोगराबाईचं आणि गुरुजींचं नाव घ्यायची, आणि मगच गाऊ लागायची.