तेलात न ओतलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे, पण दुधाचं नाव माझ्यापुढे काढू नका. माझं खरं आयुष्य न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात, माश्यांच्या खोलीत गेलं. तळाला केळ्याचा लगदा, तोंडाला कापसाचा बोळा आणि पोटात फळमाश्यांचा भरला संसार!

माझी देखभाल व्हर्ना हॅलोरनकडे होती. नवी पिढी निघाली की ती माश्यांना ईथरनं गुंगवायची आणि भिंगाखाली निवडायची. नराच्या पुढच्या पायावर इवलासा काळा कंगवा असतो, मादीच्या नसतो. मोजून झालेल्या माश्या मारून टाकायला तेलाच्या बरणीत ओतायच्या. एक्स नावाची गुणसूत्रं दोन असली की मादी, एकच असलं की नर, असं तिथे सगळे धरून चालायचे.

आणि एका सोमवारी माझ्यातून नऊ अजब माश्या निघाल्या. पायावर कंगवा नराचा, पोट बरंचसं मादीचं! व्हर्नानं भिंग पुसून त्या पुन्हा एकदा तपासल्या.

खोलीचे प्रमुख डॉक्टर ग्रिडली डोकावले. "केळं बुरसलेलं दिसतंय. अन्न वाईट असलं की अशा अर्धवट माश्या निघतात. ओता तेलात."

"लगदा मी स्वतः शिजवलाय, डॉक्टर."

"तेच म्हणतोय मी." सगळे हसले. "मिस हॅलोरन, तुमची ही तिसरी बाटली वाया गेली. असंच चाललं तर हे टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल."

"शुक्रवारपर्यंत थांबा. नाहीतर मीच ओतते, आणि ओहायोला जाऊन शाळेत शिकवते." तिनं माझ्यावर चिठ्ठी डकवली: 'ओतू नये.'

चार दिवस ती त्या माश्यांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकातून बघत होती. मला तर धीरच धरवेना!

शुक्रवारी ती म्हणाली, "डॉक्टर, एक्स दोनच आहेत. पण बाकीची गुणसूत्रं जोडीनं नाहीत, तीन-तीन आहेत. नुसते एक्स मोजून भागत नाही, बाकीच्यांशी त्यांचं प्रमाण बघावं लागतं. बाकीची दोन-दोन असताना एक्स दोन असले तर मादी, एकच असला तर नर. इथे बाकीच्या तिनाला एक्स दोन आहेत, म्हणून या मधल्या."

डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. त्यांनी एकेक गुणसूत्र दोनदा मोजलं.

"केळं चांगलं होतं," ते शेवटी म्हणाले, आणि तेलाची बरणी स्वतः उचलून घेऊन गेले. व्हर्ना खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली.

आता माझी कड फुटली आहे, पोटात पेन्सिली असतात. मित्रांनो, एखादी गोष्ट तुमच्या ठोकताळ्यात बसली नाही, तर ओतण्याआधी तिला चार दिवस द्या. आणि मला कधी धुवायला घेतलंत, तर ती चिठ्ठी तेवढी भिजवू नका.