कापून मोकळा हो

"माझ्या पोटाखालचं दुखणं तू न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितलंस?" धाकट्याने हातातलं खुरपं असं भिरकावलं की ढेकळावर आपटून ते ठण्णदिशी उडालं.

कांदा काढणीला आला होता. महिनाभर पाण्याचा टिपूस नव्हता, वारा भट्टीतून सुटल्यासारखा येत होता आणि रान असं आवळलं होतं की एकेक कांदा दाढ उपटावी तसा उपटावा लागत होता. पलीकडच्या वाफ्यात मजूर बाया वाकल्या होत्या. त्यांचे हात कांद्यात होते आणि कान इकडे.

थोरला भाऊ बांधावर कमरेवर हात देऊन उभा. "त्यात लपवायचं काय? चोरी केलीस का? दोन महिने झाले रोग सापडून, तू अजून अंडी उबवतोयस. मी एवढंच म्हणालो की याला कुणीतरी समजवा. कापून मोकळा हो म्हणावं."

"आता अख्खं गाव समजावतंय! सकाळी दूध घालायला गेलो, तर एक म्हणतो मशीनचा शेक घ्या, माझ्या मेव्हण्याने घेतला. दुसरा म्हणतो काही करू नका, काढा प्या. माझ्या चड्डीत गावाची पंचायत भरवलीस तू!"

एक बाई फिसकन हसली. धाकट्याच्या कानशिलाची शीर तटतटली.

धाकटा बासष्टचा, थोरला अडुसष्टचा. बाप गेल्यापासून थोरल्याने ठरवायचं आणि धाकट्याने चरफडत मान हलवायची, अशीच रीत पडली होती. विहीर कुठे खोदायची, पोरगी कुणाला द्यायची, सगळं थोरल्याने ठरवलं. रक्ताच्या तपासणीत धाकट्याचा आकडा वाढलेला निघाला, सुईने तुकडे काढून पाहिले, तर प्रोस्टेटचा कॅन्सर. लहान, अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाई वाटा सांगत होत्या, पण खोलीत थोरलाच बोलत होता. त्यालाही हाच रोग झाला होता, तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीला तोही याच बाईंकडे यायचा. "ते सोडा बाई, तारीख द्या," म्हणाला. बाईंनी विचारलं, "पेशंट कोण आहे?" तरी धाकटा फरशीकडे बघत राहिला. बायकोला तर कुणी आतही बोलावलं नाही, ती बाहेरच्या बाकावर. आपण तेव्हा गप्प का बसलो, याचा राग त्याला दोन महिने आतून पोखरत होता.

"माझ्याकडे बघ!" थोरला बांधावरून खाली उतरला. "कापलं, विषय संपला. ठणठणीत आहे! आजही गोणी उचलतो. बघायचंय?"

"दादा, राहू दे."

"नाही, बघच!" त्याने कांद्याची भरलेली गोणी दोन्ही हातांनी धरली, गुडघे वाकवले आणि हुंकार देऊन पाठीवर घेतली. दोन पावलं टाकली आणि जागीच थांबला. चेहऱ्याचा रंग उतरला. त्याच्या करड्या विजारीवर पुढून काळा डाग पसरत गुडघ्याकडे चालला होता.

धाकट्याने ते पाहिलं. बायांसोबत कांदा काढणाऱ्या त्याच्या बायकोनेही पाहिलं. बायांची तोंडं अजून वळायची होती. ती तीरासारखी आली, पाण्याची घागर उचलली आणि भरलीच्या भरली थोरल्या दिराच्या अंगावर ओतली. उरलेला घोट नवऱ्याच्या डोक्यावर.

"पुरे झालं!" ती कडाडली. "बैलांची झुंज लागली की अशीच सोडवतात! मालक म्हणवता आणि रानात तमाशा मांडता?"

बाया तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. आजवर दिरासमोर जिने मान वर केली नव्हती, तिने त्याला नखशिखांत भिजवलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होणार होती. होऊ दे म्हणाली ती. थोरल्याने गोणी टाकली आणि पाणी निथळत पंपाच्या खोलीकडे गेला.

धाकटा मागोमाग आत शिरला. दार लोटून म्हणाला, "कधीपासून?"

"ऑपरेशन झाल्यापासून." थोरला मोटारीच्या चौथऱ्यावर बसला होता. "खोकलो तरी होतं, उचललं तरी होतं. आत फडकी घालतो. तुझी वहिनी रोज धुते."

"आणि मला ठणठणीत आहे म्हणून सांगत होतास? मलाही त्याच खड्ड्यात ढकलायला निघाला होतास? सख्खा भाऊ ना तू!"

"माझी गाठ मोठी होती रे. कापली म्हणून जिवंत आहे, त्यात खोटं नाही." त्याने विजारीचा ओला काठ पिळला. "तू काही न करता मरशील, ही भीती होती. आणि तू न कापता बरा राहिलास तर... मग मी हे कशासाठी भोगलं, असं वाटायचं. मार मला हवं तर."

धाकट्याची मूठ वळलेलीच होती. त्याने ती भिंतीवर हाणली. पोपडे खाली पडले. मग खुंटीवरची स्वतःची कोरडी विजार काढून त्याने भावाच्या अंगावर फेकली. "घाल. आणि बुधवारी दवाखान्यात चल. पण तोंड मी विचारेपर्यंत उघडायचं नाही."

बुधवारी तिघं आत गेली. धाकट्याने पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आता मला सांगा. मला."

बाईंनी कागद पुढे ओढला. गाठ लहान, सुस्त जातीची दिसतेय. ऑपरेशन करता येईल, किरणांचा शेक देता येईल, किंवा आत्ता हात न लावता तिच्यावर नजर ठेवता येईल. दर सहा महिन्यांनी रक्त, वर्षाने पुन्हा तुकडे. वाढली तर तेव्हा इलाज करायचा.

"तेव्हा उशीर नाही होणार?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे खात्री लिहून देता येत नाही. कुठल्याच वाटेची."

"बेतलंय जिवावर आमच्या, आणि लिहून देता येत नाही!" तो खेकसला. पण बाईंनी डोळे खाली घातले नाहीत, तेव्हा तोच जरा निवळला.

बायकोने पदर सावरला. "आणि आमचं नवरा-बायकोचं?"

थोरला पंख्याकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "ऑपरेशनने त्यावर परिणाम होऊ शकतो. शेकानेही होतो, पण हळूहळू. काहींचं सावरतं, काहींचं नाही."

"मग हे मला मागच्या वेळी बाकावर येऊन का नाही सांगितलं? रोग यांचा असेल, संसार दोघांचा आहे."

"चुकलं आमचं," बाई म्हणाल्या.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. "कापायचं नाही," तो म्हणाला. "आत्ता नाही. नजर ठेवा. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण ती भीती माझी राहू दे, गावाची नको."

सगळे उठले, थोरला उठेना. मान खाली घालून पुटपुटला, "बाई, माझं अजून गळतं."

"तीन वर्षं? अहो, त्याला व्यायाम असतात. नाही जमलं तर छोटं ऑपरेशन असतं. बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं का?" थोरल्याने टेबलावर हात आपटला. "दर खेपेला आकडा बघायचा, उत्तम म्हणायचं आणि पुढचा पेशंट! माणूस बसलाय समोर, आकडा नाही!" धाकट्याने त्याचा दंड धरून ठेवला. बाईंनी व्यायामाचा कागद काढला आणि एकेक समजावून सांगायला लागल्या.

रविवारी दोघे भाऊ दाढीला गेले. दुकान भरलेलं. न्हावी वस्तरा परजत धाकट्याला म्हणाला, "काय, कापायची तारीख मिळाली का?"

धाकटा उसळणार तोच खुर्चीतून थोरला बोलला. गालावर साबण तसाच. "मला विचार. ठणठणीत आहे म्हणून मीच छाती ठोकत होतो ना? खोटं होतं. तीन वर्षं विजार ओली करतोय. कापणं वाईट नाही, माझा जीव त्यानेच वाचला. पण मागून काय होतं, ते मी लपवलं."

वस्तरा हवेतच थांबला. कोपऱ्यातला एक जण हसला. थोरला साबणासकट वळला. "हस. भरपूर हस."

त्यानंतर आठ दिवसांत तीन माणसांनी धाकट्याला एकटं गाठलं. एकाने बांधाआड, एकाने खताच्या दुकानामागे. तिसरा तोच, कोपऱ्यात हसलेला. गोठ्याच्या भिंतीला चिकटून कुजबुजला, "ती डॉक्टरीण... कोणत्या वारी बसते म्हणालास?"

धाकट्याचं डोकं सणकलं. "आता आवाज बसला होय? परवा दादाच्या नावाने दात काढत होतास, तेव्हा बरा फुटत होता!"

तो मान खाली घालून निघाला. दहा पावलं गेला असेल.

"बुधवारी!" धाकटा मागून ओरडला, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा. "आणि बायकोला बाकावर बसवून ठेवू नकोस!"