विनापरवानगी

माझं अक्षर चांगलं आणि नाकावर मी माशी बसू देत नाही. या दोन गुणांपायी शाळेतल्या सगळ्यांची सेवापुस्तकं वीस वर्षं मीच लिहिली. कोण कधी रुजू झालं, कोणाला वेतनवाढ, कोणाला रजा. नोंद माझी, सही मुख्याध्यापकांची. काम खरं तर कारकुनाचं, पण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पोरं मला मागून 'अनुस्वार' म्हणायची, कारण एका टिंबासाठी मी अर्धा गुण कापायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. चित्रकलेच्या बाई या महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांचा फोन आला, "पेन्शनच्या कार्यालयात बोलावलंय. मला नियमातलं ओ की ठो कळत नाही. येता का बरोबर?" नियम सांगायचे म्हटलं की मी एका पायावर तयार.

तिथल्या कारकुनाने त्यांचं पुस्तक उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, तुम्हाला पेन्शन बसत नाही."

"अहो, चौदा वर्षं झाली माझी!"

"सलग दहा लागतात. सहा वर्षांनंतर इथे त्रेचाळीस दिवस 'विनापरवानगी गैरहजर' आहे. तसा खंड पडला की आधीची सेवा बाद. राहिली आठ. मंजूर रजा असती, अगदी बिनपगारी का असेना, तर सगळी सलग धरली असती. आणि खाली तुमची सही आहे."

"इथे सही करा म्हणाल्या, मी केली," बाई म्हणाल्या. कोण म्हणालं, ते त्या बोलल्या नाहीत. भाड्याची खोली, पाठीशी कोणी नाही. दरमहा येणाऱ्या त्या पैशांवरच त्यांचं पुढचं सगळं उभं होतं.

ते अक्षर माझं होतं. इतकं सुबक, की स्वतःचीच शिसारी आली.

त्या त्रेचाळीस दिवसांत त्यांचा नवरा इस्पितळात होता. तिथेच गेला. त्यांचे तास माझ्या डोक्यावर पडले होते आणि मी चिडलेली होते. अर्ज मंजूर होऊन आला नव्हता, म्हणून मी 'विनापरवानगी' लिहिलं. शब्द अचूक होता! आठवड्याने मंजुरी आली. नोंद बदलायची तर तांबडी रेघ मारून वर मुख्याध्यापकांची सही घ्यायला हवी होती, आणि तपासणी तोंडावर आली होती. एवढ्या स्वच्छ पानावर खाडाखोड करायला माझा हात धजला नाही. पगार तर दोन्हीकडे कापलाच जाणार, मग काय बिघडतं, असं मी म्हटलं. काट्याचा नायटा झाला तो असा.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले. "रजा मंजूर होती."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. "मग तसं लिहून द्या. मंजुरीची नोंद जावक नोंदवहीत शोधू. फक्त 'नजरचुकीने' असा शब्द घाला. नाहीतर तुमचीच चौकशी लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत तुमची पेन्शन अडकेल."

माझी पाचावर धारण बसली. मी मुकाट्याने 'नजरचुकीने' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. बाईंनी तो मध्येच उचलून वाचला.

"नजरचुकीने?" त्या हळूच म्हणाल्या. "मंजुरीचा कागद मी तुमच्या हातात दिला होता. तेरावं उरकून रुजू झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, आता निश्चिंत राहा."

मला ते आठवत होतं. मी दुसरा कागद मागून घेतला आणि जे घडलं ते सगळं लिहिलं, तपासणीसकट. कारकुनाने तो वाचून फाइलला लावला आणि म्हणाला, "यांचं काम होईल. पण वर्ष लागेल, कदाचित दोन."

जिन्यात मी बाईंचा हात धरला. "तोवर माझ्या पेन्शनमधलं अर्धं दर महिन्याला तुमचं. माझी अडकली तर साठवलेल्यातून देईन. नाही म्हणू नका."

त्यांनी हात सोडवून घेतला. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं.

"नवरा गेला तेव्हा शाळेतून भेटायला एकट्या तुम्ही आला होतात," त्या म्हणाल्या. "त्या आधारावर मी आठ वर्षं काढली. मी शिकवण्या घेईन, भागवेन कसंबसं. पण तुमचे पैसे नकोत. ते घेतले की तुम्ही मोकळ्या व्हाल."

आणि कठडा धरून, एकेक पायरी उतरत त्या निघून गेल्या.