उभी रेघ

क्लेम पास्को माझा नवरा होता तेव्हा त्याच्या रायफलची काडतुसं घरी मी भरायची, रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू मोजून घालून. सलग सात वर्षं त्याने आमच्या क्लबची ढाल जिंकली आणि दर वर्षी ढाल हातात घेऊन एकच विनोद केला, "व्हर्ना काय करते? चहात साखर घालावी तशी पुंगळीत दारू घालते. डोळा माझा, खांदा माझा!" लोक खो खो हसायचे.

मग मला सोडून तो रेलीन नावाच्या बाईकडे राहायला गेला. जाताना विजेवरचा महागडा काटा आणि दारू टाकायचं लिव्हरचं यंत्र घेऊन गेला. माझ्या वडिलांचा दांडीचा तराजू मात्र "हा भंगारात घाल" म्हणून ठेवून गेला. आयत्या बिळावरचा नागोबा मेला! बीळ खोदायचं कसं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

लिव्हर दर वेळी त्याच जोराने ओढावी लागते. वरचा दारूचा डबा फार रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि एवढं करूनही यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही. मी माप मुद्दाम किंचित कमी टाकायची आणि उरलेले कण चिमटीने तराजूत सोडायची, दांडी रेघेवर स्थिर होईपर्यंत. झुळकीनेसुद्धा काटा चुकतो, म्हणून आमच्याकडच्या जानेवारीतल्या भर उन्हाळ्यातही पंखा बंद. क्लेम तेव्हा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली क्रिकेट बघत असायचा.

यंदा, वडिलांनी मला नेम शिकवला ती त्यांची रायफल काढली, त्यांच्याच तराजूवर तोलून काडतुसं भरली आणि स्पर्धेत नाव दिलं. ढालीचं मला फारसं कौतुक नव्हतं. क्लेम हरायला हवा होता, आणि तोही सगळ्यांच्या देखत.

आमच्या चांदमारीवर दोघं जोडीने, आळीपाळीने गोळ्या झाडतात आणि एकाचे गुण दुसऱ्याने ओरडून सांगायचे असतात. अध्यक्ष नेव्ह शुल्झने चिठ्ठ्या काढल्या आणि माझी जोडी नेमकी क्लेमशी लागली. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"खांदा सांभाळ हं, बाई," शेजारी पालथा पडत तो म्हणाला.

"तू तुझा बघ."

त्याची पहिली गोळी मधोमध लागली, पाचपैकी पाच. दुसरी बरीच वर गेली.

"क्लेम पास्को, तीन!" मी गरजेपेक्षा मोठ्याने ओरडले.

पुढची खाली. "चार!" मग पुन्हा वर. "तीन!" माझ्या गोळ्या मधल्या काळ्या चांदातच बसत होत्या.

"वारा फिरतोय," क्लेम कुरकुरला. नाचता येईना अंगण वाकडं! वारा दाखवणारी निशाणं काठ्यांना चिकटून लोंबत होती.

नेव्हने दुर्बिणीवरचा डोळा काढला. "वाऱ्याने गोळी आडवी जाते रे. तुझी तर उभी रेघ पडतेय. दारूचं माप कमी-जास्त झालंय लेका. काडतुसं भरली कोणी?"

क्लेम पुढचं काडतूस चाचपू लागला. मागे खुर्ची टाकून बसलेली रेलीन कौतुकाने म्हणाली, "त्यानेच की! पंख्याखाली बसून, माझ्याशी गप्पा मारत मारत. अर्ध्या तासात सगळी!"

हशा पिकला. नेव्ह तेवढा हसला नाही. तो एकदा क्लेमकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे ही सात वर्षं..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. क्लेमचे कान लाल झाले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. उरलेले त्याचे गुण मी आणखी मोठ्याने सांगितले.

ढाल मला मिळाली. नंतर चहाच्या टेबलापाशी क्लेम हळूच जवळ आला. "व्हर्ना, पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे गं. तू नक्की काय करायचीस, तेवढं सांग ना."

नेव्ह आणि बाकीची मंडळी तिथेच खिमा भरलेल्या पॅस्टी खात उभी होती. मी क्लेमचा कप पुढे ओढला.

"त्यात काय सांगायचं? चहात साखर घालावी, तसं," मी म्हणाले, आणि त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली, एक सपाट आणि एक शिगोशीग.