हिल्लाची जागा

पुस्तिका साइमीला दाखवली ती शेजारच्या आर्वोने, तीही तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता.

"तुझ्या सुनेने लिहिलंय गं. फिनलंडविषयी पंचवीस गमतीच्या गोष्टी. प्रवाशांसाठी. सतरावी वाच."

साइमीने चष्मा लावला. सतरावी गोष्ट हिल्लाची होती. दलदलीत पिकणाऱ्या या सोनेरी बेरीची जागा उत्तरेकडचे लोक कुणालाच सांगत नाहीत, पोटच्या मुलांनाही नाही. कायद्याने बेऱ्या कुणीही, कुणाच्याही रानात वेचू शकतो. त्यामुळे जागा माहीत असणं हीच काय ती मालकी. सगळं बरोबर होतं. चूक एकच, 'कुणालाच' या शब्दात. साइमीने सांगितली होती.

खाली फोटो होता. हिल्लाने भरलेली बादली, आणि मागे एका अंगाला कललेलं, छप्पर उडालेलं गवताचं कोठार.

"हे निवाच्या दलदलीच्या वाटेवरचं कोठार," आर्वो म्हणाला. "चाळीस वर्षं विचारतोय, बादली घेऊन कुठे निघालीस, तर म्हणतेस, मुंग्या मोजायला. बऱ्याच गोड आहेत तुझ्या मुंग्या."

साइमीने पुस्तिका मिटून त्याच्याकडे सरकवली.

ती जागा वडिलांनी तिला दाखवली, तीही स्वतःचे पाय थकल्यावर. साइमीने नवऱ्यालासुद्धा तिथे नेलं नव्हतं. गाडी दोन किलोमीटर अलीकडे, भलत्याच फाट्यावर लावून ती चालत जायची. गेल्या उन्हाळ्यात गुडघा सुजला, म्हणून पहिल्यांदा सून वुओक्को बरोबर होती. तेव्हा गाडी थेट कोठारापाशी लावली. घरच्या माणसापासून काय लपवायचं, असं तिला वाटलं होतं.

जुलैअखेर वुओक्को सुट्टीला आली, तेव्हा साइमीने विषय काढला.

"आई, मी गावाचं नावसुद्धा दिलेलं नाही. वाचून बघा."

"कोठार दिलंस."

"अशी शेकडो कोठारं आहेत."

"तुला शेकडो. इथल्या माणसाला ते एकच."

"पण बेऱ्यांसाठी दलदल तुडवत जाणार कोण?"

"चल, बघू," साइमी म्हणाली.

कोठारापाशी गाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. पुढे शेवाळ इतकं तुडवलेलं, की वाट शोधावी लागली नाही. हिल्ला उलटी पिकते: आधी लाल आणि टणक, मग पिवळी आणि मऊ. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला लाल तीच पिकलेली वाटते. देठ रिकामे होते. लाल बेऱ्या चावून थुंकलेल्या सगळीकडे पडल्या होत्या. साइमीने एक उचलली. तिच्यावर दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

बराच वेळ शोधल्यावर एका खळग्यात सात पिकलेल्या बेऱ्या सापडल्या. त्या तिने वुओक्कोच्या हातावर ठेवल्या.

"खा. पुढच्या वेळी लिहिताना चवही सांगता येईल."

वुओक्कोने मूठ मिटली नाही. "पुढच्या आवृत्तीतून काढून टाकते, आई. खरंच."

"काढ," साइमी म्हणाली. मग ती गाडीकडे वळली.

वडिलांनी तिला जागा दोन दाखवल्या होत्या. दुसरी तळ्यापलीकडे होती आणि वाट अवघड. या वर्षी तिथे वुओक्कोला न्यायचं, असं साइमीने हिवाळ्यातच ठरवलं होतं.

चार दिवसांनी सकाळी तिने गुडघ्याला पट्टी बांधली, रबरी बूट चढवले आणि बादली उचलली. आवाजाने वुओक्को बाहेर आली आणि घाईघाईने स्वतःचा एक बूट पायात घालू लागली.

"थांबा आई, मी गाडी काढते. या गुडघ्याने कुठे निघालात?"

"मुंग्या मोजायला," साइमी म्हणाली. आर्वोला म्हणायची तसंच, अगदी त्याच सुरात.

वुओक्को एका पायात बूट, एक पाय मोज्यातच, अशी दारात उभी राहिली. साइमी गाडीत बसली आणि तळ्याच्या उलट दिशेला वळली. घर दिसेनासं होईपर्यंतच तिला त्या रस्त्याने जायचं होतं.